आयर्लंडचे खापरपणजोबा आणि तीन मायकेल

गेल्या गणपतीत भाचीचा अमेरिकेहून फोन आला. "मामा, तुझं जुनी कागदपत्रं वाचण्याचं वेड अजून आहे ना? माझ्या सासऱ्यांना त्यांचं मूळ गाव शोधायचंय. आयर्लंडमधलं."

मी हसलो. भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं काढली. मोजणी, फेरफार, नकला यांच्या पलीकडे गेलो नाही. आयर्लंड मला नकाशावर दाखवता येईल एवढंच. पण सासरे पंच्याहत्तरीचे, बायपास झालेली, आणि भाचीच्या आवाजात काळजी होती. म्हटलं, काय माहिती आहे ते पाठव.

माहिती एका ओळीत मावली. आडनाव सुलिव्हन. खापरपणजोबा दुष्काळात आले. काउंटी केरी. बस्स.

त्या एका ओळीवर माझं वर्ष गेलं. त्यात जे समजलं ते आपल्याकडच्या लोकांनीही वाचावं असं वाटलं म्हणून लिहितोय. लांबलंय, सवडीने वाचा.

पहिली अडचण आडनावाची. आपल्याकडे कोकणी माणूस आडनावात गाव घेऊन फिरतो. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचंच बघा. जन्म डब्लिनचा, वडील मुंबईचे, पण आडनाव वाचलं की मालवण तालुक्यातलं वराड समोर येतं. २०१९ च्या डिसेंबरात, पंतप्रधान असताना, ते कुटुंबासह तिथे येऊनही गेले. त्यांच्या देशातल्या बहुतेक आडनावांना मात्र ही सोय नाही. तिथल्या आडनावात गाव नाही, पूर्वज आहे. 'मॅक' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'ओ' म्हणजे अमक्याचा नातू किंवा वंशज. इंग्रजी अमलात तो 'ओ' पुष्कळांनी गाळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वत्व जागं झाल्यावर पुष्कळांनी परत लावला. त्यामुळे बाप सुलिव्हन आणि मुलगा ओ'सुलिव्हन असं होऊ शकतं. त्यात सुलिव्हन म्हणजे केरी आणि कॉर्क या दोन काउंट्यांतलं आपलं पाटील-जाधव. नुसतं 'केरीचे सुलिव्हन' म्हणणं म्हणजे 'साताऱ्याचे जाधव' म्हणण्यासारखं.

दुसरी अडचण म्हणजे अमेरिकेचे कागद. जनगणना, मृत्यूचा दाखला, जहाजाची यादी, सगळीकडे जन्मस्थान म्हणून एकच शब्द: आयर्लंड. कारकुनाला त्यापुढे विचारायची गरज वाटली नाही. आणि आयर्लंडच्या बाजूला शोध घ्यायचा तर काउंटीही पुरत नाही, पॅरिशही पुरत नाही. लागतं ते टाउनलँड. हे टाउनलँड म्हणजे आपलं शिवार किंवा वाडी समजा. कुठे पन्नास एकर, कुठे हजार. देशभरात साठ हजारांहून जास्त. १८२०-३० च्या दशकांत इंग्रजांनी त्या सगळ्यांच्या हद्दी मोजून सहा इंचाला एक मैल अशा प्रमाणाचे नकाशे केले. (मोजणीवाल्यांसाठी सांगतो, आपल्याकडचा तो एव्हरेस्ट १८२९ मध्ये ही आयरिश मोजणी मुद्दाम बघून आला होता आणि तिथे आधाररेषा मोजायला वापरलेल्या खास धातूच्या पट्ट्यांसारख्या पट्ट्या त्याने हिंदुस्थानात वापरल्या.)

म्हणजे टाउनलँड कळलं की सगळं उघडतं, नाही कळलं की काहीच नाही.

आता मी साध्या माणसासारखा विचार केला की तिथली १८४१ ची जनगणना बघू. दुष्काळाच्या आधीची. तेव्हा लोकसंख्या होती ८१,७५,१२४. दहा वर्षांनी ६५,५२,३८५. बटाट्यावर रोग पडला १८४५ मध्ये. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने गेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. म्हणजे १८४१ च्या यादीत मेलेले आणि गेलेले दोघेही सापडायला हवेत.

ती यादी जळाली.

डब्लिनमध्ये फोर कोर्ट्स नावाची न्यायालयांची इमारत आहे. तिच्या आवारात सरकारी दफ्तरखाना होता. १९२२ मध्ये इंग्रजांशी केलेल्या तहावरून आयरिश लोकांचेच दोन तट पडले. तहाच्या विरोधकांनी फोर कोर्ट्स ताब्यात घेतलं, २८ जूनला नव्या आयरिश सरकारच्या फौजेने त्यावर तोफा डागायला सुरुवात केली आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दफ्तरखाना पेटला. सातशे वर्षांचे कागद. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना, थोडे तुकडे सोडून. मृत्युपत्रं. चर्च ऑफ आयर्लंड या तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या. जळके कागद शहरभर उडत होते.

आयर्लंडचे पूर्वज शोधणारा प्रत्येक जण ही आग सांगतो. "सगळं १९२२ मध्ये जळालं हो." मीही भाचीला तेच सांगणार होतो. पण जनगणना तर दर दहा वर्षांनी होत होती ना? मग १८६१ ची कुठे आहे? १८९१ ची कुठे आहे?

त्या जळालेल्याच नाहीत. १८६१ आणि १८७१ चे घरोघरचे तक्ते सरकारने आकडेवारी काढून झाल्यावर स्वतःच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी दिले, कागदाची टंचाई होती म्हणून. चार जनगणना तोफेने गेल्या आणि चार सहीने. कोणीतरी टिपणी ठेवली असणार, 'सांख्यिकी तक्ते छापून झाले असल्याने मूळ कागदांची आवश्यकता नाही', आणि वरच्याने मान्य केली असणार. ही टिपणी मी पाहिलेली नाही. पण अशा टिपण्या मी लिहिल्या आहेत.

आमच्याकडे त्याला निर्लेखन म्हणतात. अ, ब, क, ड वर्ग. 'अ' म्हणजे कायम, 'ड' म्हणजे वर्षभराने रद्दी. कामाचा भाग आहे, त्याशिवाय कचेरीत पाय ठेवायला जागा राहणार नाही. पण एका ठिकाणी (कचेरीचं नाव सांगत नाही) गठ्ठे पावसात भिजले होते आणि भिजलेत म्हणून ते 'ड' मध्ये घातले गेले. यादीवर माझीही सही आहे. त्या गठ्ठ्यांत काय होतं ते मी उलगडून बघितलं नव्हतं. आयर्लंडची १८९१ वाचताना मला ते गठ्ठे आठवत होते, हे खोटं कशाला बोलू.

असो. एवढं सगळं गेल्यावर काय उरतं? १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण उरल्या, आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या फुकट सगळ्यांसाठी खुल्या केल्यात. कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला तक्ता घरबसल्या दिसतो. १९११ मध्ये विवाहित बाईला विचारलंय: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यांतली जिवंत किती. कुठे अकरा आणि सहा, कुठे नऊ आणि चार. मी हे रकाने संध्याकाळी वाचायचं बंद केलं.

आणखी एक गंमत. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तर दहा वर्षांत काही माणसं पंधरा-सोळा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. कारण पेन्शन! सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना १९०९ च्या जानेवारीपासून सरकारी पेन्शन सुरू झालं. पण जन्माची सर्वांसाठीची सरकारी नोंदणी सुरू झाली १८६४ मध्ये, म्हणजे सत्तरीतल्या कोणाकडेच दाखला नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं 'प्लेगाच्या साली मी रांगत होतो' म्हणायची तसं तिथे १८३९ च्या जानेवारीतल्या मोठ्या वादळावरून वय सांगायचे. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांनी अर्ज केले की १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत माझं नाव शोधा. कारकुनांनी दफ्तरखान्यात जाऊन शोधलं, अर्जावर उतारा लिहिला: आईबापाचं नाव, टाउनलँड, वय. पुढे मूळ जनगणना जळाली, हे अर्ज राहिले. कोणा म्हातारीला आठवड्याला पाच शिलिंग मिळावेत म्हणून केलेली ही खटपट, आणि आज तीच त्या दोन जनगणनांची खिडकी आहे.

आमच्या सुलिव्हनला यातलं काहीच लागू नव्हतं. तो तेव्हा अमेरिकेत होता.

वाट सापडली ती न्यूयॉर्कच्या एका बँकेत. आयरिश स्थलांतरितांसाठी १८५० मध्ये 'एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक' निघाली. खातेदारांपैकी कितीतरी जणांना सही येत नसे. दुसऱ्या कोणी येऊन पैसे काढू नयेत म्हणून बँक खाजगी प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून ठेवी. कुठल्या पॅरिशचा, कोणत्या जहाजाने आला, बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, भावंडं किती आणि कुठे. आजही बँकवाले फोनवर आईचं माहेरचं नाव विचारतात ना, तेच. या वह्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. भाचीने तीन महिने शनिवार-रविवार पडद्याला डोळे लावले आणि एका रात्री (माझी सकाळ) फोटो पाठवला. नाव जुळत होतं, बायको जुळत होती, राहण्याची गल्ली जुळत होती. गाव: पॅरिश टुओसिस्ट, काउंटी केरी. आला १८५१. बाप मायकेल, वारला. आई आयर्लंडात. दोन बहिणी, एक भाऊ.

टुओसिस्ट म्हटल्यावर पुढची गोष्ट कागदावर आहेच. तो सगळा भाग लॉर्ड लॅन्सडाउनच्या जमीनदारीतला, केनमेअरच्या आसपासचा. दुष्काळाने कुळं मरत होती, उरलेली सरकारी अनाथालयात, म्हणजे वर्कहाउसमध्ये. त्यांचा खर्च जमिनीवरच्या करातून, म्हणजे जमीनदाराच्या खिशातून. नवीन कारभारी आला, विल्यम स्ट्युअर्ट ट्रेंच. त्याने सरळ हिशेब मांडला की माणूस इथे पोसण्यापेक्षा तिकीट काढून अमेरिकेला पाठवणं स्वस्त पडतं. आणि १८५१ पासून हजारो माणसं जहाजावर चढवली. ती न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्स' या सगळ्यात बदनाम वस्तीत उतरली. पण त्याच बँकेच्या वह्यांवरून इतिहासकार टायलर अनबाइंडर यांनी दाखवलंय की भिकारी म्हणून हाकललेल्या या लोकांतल्या अनेकांनी थोड्या वर्षांत शेकडो डॉलर शिल्लक टाकले. भाचीच्या सासऱ्यांना लहानपणापासून सांगितलं होतं की पूर्वज धाडस करून निघाले. धाडस होतंच. पण तिकीट कोणी काढलं आणि का काढलं, ते घरात कोणी सांगितलं नव्हतं. ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत, असं भाची म्हणाली.

आता माझ्या ओळखीचा कागद आला. 'ग्रिफिथचं मूल्यांकन'. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने कर बसवण्यासाठी साऱ्या आयर्लंडच्या जमिनी आणि घरं आकारली, १८४७ ते १८६४ या काळात छापून आलं. पहिलं पान उघडलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. नकाशातला क्रमांक. कब्जेदाराचं नाव. त्याच्या वरचा जमीन देणारा कोण. घर, गोठा, जमीन. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. आकार पौंड-शिलिंगमध्ये. सातबाराच की हा! एवढंच नाही, त्यानंतर कब्जेदार बदलला की जुन्या नावावर रेघ मारून नवीन नाव लिहिलेल्या वह्या आहेत, दर फेरीला वेगळ्या रंगाची शाई. आमच्या फेरफार नोंदवहीला एवढं डोकं कोणी लावलं असतं तर किती दावे कमी झाले असते!

पण टुओसिस्टमध्ये सुलिव्हन हे दगडांइतके. एकाच टाउनलँडमध्ये तेच नाव दोनदा आलं की ग्रिफिथचे लोक कंसात बापाचं नाव घालतात. त्या भागात सुलिव्हनांच्या भावक्यांना टोपणनावंही आहेत, आपल्याकडच्या 'वरच्या आळीचे', 'खालच्या आळीचे' यासारखी. आमच्या वहीत टोपणनाव नव्हतं. बाप वारलेला, म्हणजे त्याचं नाव मूल्यांकनात नसणार. मग विधवा आई किंवा भाऊ शोधायचा. मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद बघावी तर त्याच्या जन्माच्या वेळची वहीच नाही, त्या पॅरिशच्या नोंदी नंतर सुरू होतात. कॅथलिकांवर शंभर-सव्वाशे वर्षं कायद्याचा जाच होता, त्यामुळे गरीब पश्चिमेकडे वह्याच उशिरा सुरू झाल्या. ज्या आहेत त्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये फुकट खुल्या केल्या, साडेतीन लाखांहून जास्त पानं. लॅटिनमध्ये, पाद्र्याच्या गिचमिड अक्षरात. जेम्सचा जेकोबस होतो. पण एक गोष्ट मनापासून आवडली. बाळाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. आमच्या भावकीची सात पिढ्यांची वंशावळ माझ्याकडे आहे. तिच्यात एकाही बाईचं नाव नाही.

आईच्या त्या माहेरच्या आडनावावर धाकटी भावंडं सापडतात का बघितलं. सापडली. तीन जोडप्यांची. तिन्ही ठिकाणी बाप मायकेल सुलिव्हन, आई त्याच माहेरची, तीन वेगळी टाउनलँड्स. तिकडे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत होती, आपल्यासारखीच, म्हणून नावांवरून चाळण लावली. एक मायकेल जरा मागे पडला. दोन जवळजवळ सारखेच राहिले.

इथे थांबणं अवघड असतं. अशा वेळी माणूस आवडेल तो पूर्वज उचलतो. अमेरिकेने स्वतः तसं केलंय. १ जानेवारी १८९२ ला एलिस बेटावरचं स्थलांतर केंद्र उघडलं तेव्हा पहिली उतरली कॉर्कची ॲनी मूर, दोन धाकट्या भावांसह. पुतळे उभे राहिले. ती पुढे टेक्सासला गेली असं कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. २००६ मध्ये वंशावळी शोधणाऱ्या मेगन स्मोलेनिअक यांनी दाखवलं की टेक्सासची बाई वेगळीच होती. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच राहिली, १९२४ मध्ये वारली, आणि थडग्यावर दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसला.

उलट ओबामांचा पूर्वज पक्का सापडला. फॅल्मथ कर्नी, १८५० मध्ये मनीगॉल गावाहून निघालेला, मोच्याचा मुलगा. कुटुंब प्रॉटेस्टंट, म्हणजे त्यांच्या चर्चच्या वह्या डब्लिनला गेल्या असत्या तर बहुधा जळाल्या असत्या. तिथल्या धर्मगुरूंना त्या जुन्या वह्यांत कर्नी मिळाले. मे २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष त्या गावात जाऊन आले.

आणि त्याहून मागे गेलात तर? सतराव्या-अठराव्या शतकात गेलेले? तिथे न्याय सरळ आहे: सरदार सापडतो, शेतकरी सापडत नाही. १६९१ च्या पराभवानंतर फ्रान्स-स्पेनला गेलेल्या घराण्यांना सैन्यात हुद्दा मिळवायला कुलीनता सिद्ध करावी लागे, म्हणून त्यांच्या वंशावळी आहेत. त्यातल्याच एकाचा मुलगा लाली, फ्रेंचांचा सेनापती, १७६० मध्ये वांदिवाशला हरला. हरवणारा आयर कूट हाही आयर्लंडचाच. आणि टिपेररीचा जॉर्ज थॉमस, गलबतावरून मद्रासला पळालेला खलाशी. बेगम समरूच्या चाकरीत, मग आपल्या आप्पा खंडेरावांच्या, मग हांसीला स्वतःचं राज्य. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने ते मोडलं, पुढच्या वर्षी तो वारला. त्याच्यावर १८०३ मध्ये पुस्तक निघालं. एवढा राजा झालेला माणूस, पण जन्मसाल अजून 'सुमारे १७५६' असंच लिहितात.

जळालेलं थोडं परतही येतंय. जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं होताना, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने त्या दफ्तरखान्याची संगणकावर पुनर्बांधणी खुली झाली. जगभरच्या ग्रंथालयांतून नकला गोळा करताहेत. तिचा पाया म्हणजे दफ्तरखान्यात कुठे काय आहे याची १९१९ मध्ये छापलेली सूची. हर्बर्ट वुड नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने केलेली. आगीच्या तीन वर्षं आधी! सूची करणाऱ्या माणसाला कचेरीत काय मान असतो ते मला विचारू नका.

सप्टेंबरात भाचीचं कुटुंब केरीला जाणार आहे. सासऱ्यांनी परवा व्हिडिओ कॉलवर हात जोडून नमस्कार केला (भाचीने शिकवलाय) आणि विचारलं, "घर नक्की कुठलं?" मी त्यांना सांगितलं, मी बत्तीस वर्षं नकलेवर 'अस्सलबरहुकूम' लिहून सही केलीय, इथे करता येणार नाही. भाची चिडली. म्हणाली, "मामा, एक सांगून टाक ना, त्यांना काय कळणार आहे."

मी तिन्ही टाउनलँडचे नकाशे छापून घेतलेत. क्रमांकांभोवती लाल शाईने गोल केलेत, मागे पडलेल्या मायकेलचाही. दोन ठिकाणी घराच्या भिंती उपग्रहाच्या चित्रात अजून दिसतात. तिसऱ्या ठिकाणी नुसतं गवत आहे, पण बांध मात्र नकाशाबरहुकूम.